वेड्समिलच्या टेकडीवर

इंग्लंडच्या प्रवासास निघालेल्या मनुष्यानें काय काय पाहावें ह्याची एक यादी आतां ठरूनच गेली आहे. लंडनचा बुरूज, राजवाड्यासमोरचा पहारा, शेक्सपियरचें घर, थेम्स नदीवरील पूल आणि वेळ उरल्यास उत्तरेकडील सरोवरें, एवढें झालें म्हणजे यात्रा सुफळ संपूर्ण झाली असें समजावयाचें. आम्हीही ती यादी खिशांत घालूनच निघालों होतों व तींतील बहुतेक स्थळें पाहूनही झालीं. त्यांच्याविषयीं वाचकांनीं इतकें वाचलेलें आहे कीं, आमच्या लिहिण्यानें त्यांत भर पडावी असें कांहीं उरलेलें नाहीं. आज सांगावयाचें आहे तें अशा एका स्थळाविषयीं कीं, जें त्या यादींत नाहीं, जेथें तिकीट नाहीं, वाटाड्या नाहीं, आणि जेथें आम्ही अर्धा तास उभे होतों तेवढ्यांत दुसरें कोणी फिरकलेंही नाहीं. हर्टफर्डशायर परगण्यांत, केंब्रिजहून लंडनकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, वेड्समिल नांवाच्या खेड्याजवळ, टेकडीच्या चढावर रस्त्याच्या कडेला एक लहानसा दगडी स्तंभ आहे. तेवढेंच तें स्थळ.

आमचा धाकटा पुतण्या केंब्रिज येथें शिकावयास आहे. त्याच्याकडे आम्ही उभयतां चार दिवस राहावयास गेलों होतों. तेथील महाविद्यालयें, नदीकांठच्या हिरवळी व ग्रंथालयें पाहून झाल्यावर तिसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेतांना तो म्हणाला, “काका, आज तुम्हांला एक दगड दाखवायचा आहे.”

“दगड पाहायला मोटार करून जायचें?” आमच्या सौ. म्हणाल्या, “आपल्या सह्याद्रींत का दगड थोडे आहेत?”

“काकू, तुम्ही चला तर खऱ्या. मग काय तें बोला,” असें म्हणून त्यानें आमचें कांहीं एक चालूं दिलें नाहीं.

ऑक्टोबरचे दिवस होते. पाऊस पडून गेला होता आणि दोन्ही बाजूंस नांगरून ठेवलेल्या शेतांतून ओल्या मातीचा वास येत होता. हा रस्ता मूळचा रोमन लोकांनीं बांधलेला. पुढें १६६३ सालीं इंग्लंडांतील पहिला टोलनाका बसला तो ह्याच वेड्समिल गांवीं. हल्लीं मोठी वाहतूक गांवाबाहेरील नव्या रस्त्यानें जाते, त्यामुळें शेंकडों वर्षें गाड्याघोड्यांनीं गजबजलेला हा जुना मार्ग म्हाताऱ्या माणसासारखा स्वस्थ पडून असतो. खालीं रिब नांवाची लहानशी नदी आहे. आपण तिला ओढाच म्हणूं. नदी ओलांडून रस्ता चढूं लागतो, आणि त्या चढावर, गवताच्या कडेला, तो निमुळता स्तंभ दिसतो. ज्या जागीं हा स्तंभ उभा आहे त्या जागीं जून १७८५ मध्यें थॉमस क्लार्कसन ह्यानें गुलामांचा व्यापार बंद पाडण्याच्या कामीं आपलें आयुष्य वाहण्याचा निश्चय केला, अशा अर्थाचा लेख त्यावर कोरलेला आहे. स्तंभ उभारला गेला तो १८७९ सालीं, म्हणजे त्या जून महिन्यानंतर चौऱ्याण्णव वर्षांनीं.

रणांगणावर, जन्मस्थानीं, समाधीवर उभारलेलीं स्मारकें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत. परंतु केवळ एका मनुष्याच्या मनांत एक विचार आला म्हणून त्या जागीं उभारलेलें स्मारक आम्हीं हें पहिलेंच पाहिलें.

हा क्लार्कसन कोण, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. २८ मार्च १७६० रोजीं विस्बीच ह्या गांवीं त्याचा जन्म झाला. वडील तेथील शाळेचे मुख्याध्यापक व धर्मोपदेशक. मुलगा सहा वर्षांचा असतांनाच ते वारले. पोर बुद्धीचें तल्लख निघालें. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेंतून केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयांत तें आलें, पदवी मिळाली, आणि पित्याप्रमाणेंच धर्मखात्यांत शिरून सुखानें आयुष्य काढावें असा बेत ठरला. सहा फूट उंच, तांबड्या केसांचा, काळा पोषाख करणारा हा तरुण पुढें त्या खात्यांत खात्रीनें वर चढला असता.

१७८५ सालीं विद्यापीठाचे त्या वेळचे उपकुलगुरु पीटर पेकार्ड ह्यांनीं लॅटिन निबंधाच्या स्पर्धेसाठीं एक प्रश्न काढला: इतरांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणें न्याय्य आहे काय? आदल्या वर्षीं क्लार्कसनला लॅटिन निबंधाचें बक्षीस मिळालेलेंच होतें. तें यश राखावयाचें, विद्यापीठांत आपलें नांव गाजवावयाचें, एवढाच हेतु धरून तो ह्या प्रश्नाकडे वळला. आफ्रिकेविषयीं त्याला कांहींच ठाऊक नव्हतें. मग त्यानें शोध सुरू केला. त्या व्यापारांत असलेल्या एका मृत स्नेह्याचे कागद मिळाले. वेस्ट इंडीजमध्यें राहून आलेल्या अधिकाऱ्यांना त्यानें प्रश्न विचारले. आणि अमेरिकेंतील अँथनी बेनेझेट ह्या शिक्षकानें गिनीच्या किनाऱ्याविषयीं लिहिलेल्या पुस्तकाची जाहिरात वर्तमानपत्रांत दिसतांच तें विकत घेण्यासाठीं तो लंडनला धांवला.

त्या पुस्तकांत त्याला जें दिसलें त्यानें त्याची झोंप उडाली. माणसें पकडून आणण्यासाठीं लावून दिलेल्या लढाया, साखळ्यांनीं जखडून किनाऱ्यापर्यंत चालविलेले तांडे, जहाजांच्या पोटांतील अंधार, आणि पलीकडच्या तीरावर उंसाच्या मळ्यांतील चाबूक. आज इतिहाससंशोधकांचा अंदाज असा कीं, सुमारें साडेतीनशें वर्षांत सव्वा कोटी माणसें आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत भरलीं गेलीं, व त्यांतील अठरा लाखांच्या घरांत समुद्रावरच मेलीं. क्लार्कसनजवळ हे आंकडे नव्हते. परंतु जें हातीं आलें तेंही कमी नव्हतें. तो रात्रभर मेणबत्ती पेटती ठेवी आणि मधूनच उठून सुचलेलें टिपून ठेवी. निबंध पुरा झाला, पहिलें बक्षीस मिळालें, सभागृहांत सर्व विद्वानांसमोर त्याचें वाचन झालें, टाळ्या झाल्या. तेथें ही गोष्ट संपावयाची. बहुतेक निबंधांची तेथेंच संपते.

बक्षीस घेऊन तो घोड्यावरून लंडनला निघाला. वाटेंत निबंधाचा विषय मनांतून जाईना. घोडा थांबवावा, खालीं उतरावें, थोडें चालावें, पुन्हां बसावें. हें सर्व खोटें असेल अशी मनाची समजूत घालूं पाहावी, तर पुरावा आपणच गोळा केलेला! वेड्समिल दिसूं लागलें तेव्हां तो विषण्ण होऊन रस्त्याकडेच्या गवतावर घोड्याचा लगाम धरून बसला. त्याच्या मनांत जो विचार आला तो अगदीं साधा होता. निबंधांत लिहिलें आहे तें जर खरें असेल, तर कोणीतरी ह्या संकटांचा शेवट केला पाहिजे. तेव्हां त्याचें वय पंचवीस वर्षांचें होतें.

तो लेख वाचून झाल्यावर आम्ही त्याच गवताच्या कडेला उभे राहिलों. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. आमच्या मनांत मात्र एक जुनी गोष्ट उभी राहिली, आणि ती येथें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आम्ही इंग्रजी सातवींत असतांना शाळेंत वक्तृत्वस्पर्धा झाली होती. विषय होता ‘अस्पृश्यता हा राष्ट्रावरील कलंक’. आम्हीं भाषण पाठ केलें, आवाज चढविला, शेवटीं मूठ उगारली, आणि पहिलें बक्षीस पटकाविलें. घरीं आल्यावर आजीनें देवापुढें पेढे ठेवले, वडिलांनीं पाठ थोपटली. त्याच वेळीं मागल्या दारीं परसाकडची सफाई करणारी बाई पाणी मागत होती. आईनें आम्हांलाच तांब्या घेऊन पाठविलें, आणि आम्हीं नेहमींप्रमाणें वरून, हात न लागेल अशा बेतानें, तिच्या ओंजळींत पाणी घातलें. बक्षिसाचें पुस्तक दुसऱ्या हातांत होतें. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध आहे हें त्या दिवशीं घरांत कोणाच्या लक्षांत आलें नाहीं; आमच्या तर मुळींच नाहीं. आमच्या व क्लार्कसनच्या बुद्धींत जें अंतर असेल तें असो. दोघांनींही निबंधच लिहिला होता. तो वाटेंत घोड्यावरून उतरला, आणि आम्ही उतरलों नाहीं.

असो. मोटार वळवून आम्ही परत निघालों, आणि दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें आम्हांला उत्तरेकडे क्लार्कसनच्या जन्मगांवीं नेलें. वेड्समिलला त्याचा निश्चय पाहावयास मिळतो. त्यानें त्या निश्चयाचें पुढें काय केलें तें विस्बीचला. मधला प्रदेश दलदली आटवून तयार केलेला, पानासारखा सपाट. टेकडी म्हणून नाहीं. काळी माती, सरळ रेषेंत खणलेले कालवे, आणि सर्व बाजूंनीं खालपर्यंत टेकलेलें आभाळ. ह्या सपाटींत नेन नदीच्या कांठीं विस्बीच हें जुनें बंदराचें गांव वसलें आहे. नदीच्या दोन्ही कांठांवर विटांचीं जुनीं, प्रशस्त घरें आहेत, आणि पुलाजवळ उंच कमानीदार छत्रीखालीं क्लार्कसनचा पुतळा उभा आहे. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट ह्या नामांकित शिल्पज्ञाच्या आराखड्यावरून ही छत्री बांधून १८८१ सालीं ती लोकांस खुली झाली. खालच्या बाजूंस विल्बरफोर्स, ग्रॅनव्हिल शार्प आणि हातकड्या घातलेला, हात जोडून विनवणारा एक गुलाम ह्यांच्या आकृती कोरल्या आहेत.

परंतु विस्बीचला जावें तें ह्या छत्रीसाठीं नव्हे. तेथील वस्तुसंग्रहालयांत एक लाकडी पेटी आहे, तिच्यासाठीं जावें. ही क्लार्कसनची पेटी.

त्या पेटीची हकीकत समजण्यासाठीं पुन्हां मागें गेलें पाहिजे. निबंध १७८६ सालीं इंग्रजींत छापला गेला. २२ मे १७८७ रोजीं लंडनमधील एका छापखान्यांत बारा मंडळी जमलीं व गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठीं एक मंडळ स्थापन झालें. बारांपैकीं नऊ जण क्वेकर ह्या साध्या राहणीच्या, शस्त्र न धरणाऱ्या पंथाचे होते. पार्लमेंटांत हा प्रश्न मांडण्याचें विल्यम विल्बरफोर्स ह्यांनीं पत्करलें. पण सभेंत बोलावयाचें तर पुरावा पाहिजे; आणि पुरावा होता बंदरांत, खलाशांच्या गुत्त्यांत, जहाजांच्या हजेरीपटांत. तो आणणार कोण? तें काम क्लार्कसननें उचललें.

ब्रिस्टल शहर संध्याकाळच्या वेळीं दुरून दिसलें, देवळांतील घंटा वाजत होत्या, आणि आपण केवढ्या बलाढ्य लोकांशीं झुंजावयास निघालों आहों ह्या विचारानें त्याचें मन क्षणभर कांपलें, असें त्यानें स्वतः लिहून ठेवलें आहे. तेथील ‘सेव्हन स्टार्स’ नांवाच्या गुत्त्याच्या मालकानें त्याला साह्य केलें. मध्यरात्रीनंतर त्याच्याबरोबर दारूच्या अड्ड्यांतून हिंडून, खलाशांना पाजून, कर्जांत अडकवून जहाजांवर कसें चढवितात तें क्लार्कसननें डोळ्यांनीं पाहिलें. हा धर्मोपदेशक रात्रींमागून रात्री त्या ठिकाणीं घालवीत होता, हें आपल्याकडील सोंवळ्या सुधारकांनीं ध्यानांत धरण्यासारखें आहे.

लिव्हरपूलला तर जिवावरच बेतलें. तेथील एका दुकानांत हातकड्या, पायांतील बेड्या, अंगठे चिरडणारे पेंच, आणि अन्न नाकारणाऱ्या कैद्याचा जबडा बळेंच उघडण्याचें हत्यार अशा वस्तु राजरोस विकावयास मांडलेल्या होत्या. त्यानें त्या विकत घेतल्या. ह्या व्यापाराविरुद्ध विचारपूस करणारा हा मनुष्य कोण, हें बंदरांत समजलें, आणि एके दिवशीं धक्क्याच्या टोंकाशीं आठ-नऊ जणांनीं त्याला घेरून पाण्यांत ढकलण्याचा यत्न केला. तो त्यांच्यांतून वाट काढून कसाबसा सुटला. गुलामवाहू जहाजांवर शस्त्रवैद्याचें काम करून ह्या धंद्याचा वीट आलेला अलेक्झांडर फाल्कनब्रिज नांवाचा गृहस्थ पुढें हत्यार बाळगून त्याच्या सोबतीला राही.

व्यापाऱ्यांचें म्हणणें असें कीं, ह्या धंद्यामुळें राष्ट्राला तरबेज खलाशी मिळतात. क्लार्कसननें हजेरीपट चाळून हजारों खलाशांचें पुढें काय झालें हें नांवनिशीवार काढलें, आणि ज्याला पाळणा म्हणतां तें स्मशान आहे, ह्या धंद्यांत खलाशी जितके मरतात तितके दुसऱ्या कोणत्याही धंद्यांत मरत नाहींत, असें आंकड्यांनीं दाखवून दिलें. ‘ब्रूक्स’ नांवाच्या जहाजाचा एक आराखडा त्याच्या मंडळानें छापून घरोघर पोंचविला. त्यांत चारशें ब्याऐंशीं माणसें दाटून निजविलेलीं दाखविलीं आहेत. दर पुरुषास रुंदीला सोळा इंच जागा. म्हणजे दोन वितींहूनही कमी. आणि कायद्यानें मर्यादा घातली जाण्यापूर्वीं ह्याच जहाजानें एका सफरींत सहाशें नऊ माणसें नेलीं होतीं. हें चित्र ज्यानें एकदां पाहिलें त्याला पुढें व्याख्यान ऐकण्याची गरज राहत नसे.

त्याच्या चिकाटीचें एक उदाहरण सांगूं. आफ्रिकेंतील नद्यांतून आंत जाऊन माणसें कशीं पकडतात हें प्रत्यक्ष पाहिलेला एक खलाशी आहे, एवढें त्याच्या कानीं आलें. नांव ठाऊक नाहीं. कोणत्यातरी आरमारी जहाजावर असेल एवढाच सुगावा. क्लार्कसन एकामागून एक बंदरें धुंडाळीत निघाला. डेप्टफर्ड, वुलिच, चॅटम, शीअरनेस, पोर्टस्मथ. प्रत्येक ठिकाणीं एकेका जहाजावर चढून चौकशी. शेवटचें बंदर प्लिमथ. तेथें सत्तावन्नाव्या जहाजावर तो खलाशी, आयझॅक पार्कर, त्याला सांपडला, आणि त्याची साक्ष पार्लमेंटच्या समितीपुढें झाली.

सात वर्षांत सुमारें पस्तीस हजार मैल प्रवास, आणि तोही बहुतेक घोड्यावरून! ह्या सर्व फिरतींत त्याच्याबरोबर असे ती ही पेटी. आम्ही तिच्यापुढें बराच वेळ उभे राहिलों. आंत कप्पे आहेत. त्यांत आफ्रिकेंतील लांकडांचे नमुने, हस्तिदंत, मिरीं, डिंक, कापूस, तेथील विणकरांचीं सुती वस्त्रें, कातडी वस्तु. बेड्या आणि पेंच दाखवून तो लोकांना लाज आणी. आणि मग ही पेटी उघडून म्हणे कीं, ज्या भूमींतून तुम्ही माणसें आणतां, त्या भूमींत हें सर्व पिकतें व बनतें. हा व्यापार करा. नुसता निषेध करून तो थांबला नाहीं. आफ्रिकेंतील माणसें रानटी, त्यांना कांहीं येत नाहीं, असें मानणाऱ्या सभ्य गृहस्थांच्या हातांत तो तेथील विणकराचें वस्त्र ठेवी. १७८८ सालीं राजाच्या मंत्रिमंडळाच्या चौकशीपुढेंही त्यानें हे नमुने मांडले.

तीं वस्त्रें पाहून आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, विणकर सगळीकडे सारखाच हो. हें सूत कोणी काढलें असेल?” आणि लगेच पुढें, “आपल्याकडचें कापडही तिकडे जात असेल, नाहीं?”

त्यांचा तर्क खरा होता, परंतु सुखाचा नव्हता. गुजराथेंतील व चोळमंडल किनाऱ्यावरील रंगीत कापडास आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फार मागणी असे, आणि यूरोपीय व्यापारी माणसांच्या मोबदल्यांत जो माल देत त्यांत हें हिंदी कापड व हिंदी महासागरांतील कवड्या हीं ठळक असत. आपल्या विणकराला कापड कोठें जातें हें ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पण धागा येथपर्यंत पोंचतो खरा.

दुसरा धागा स्वयंपाकघराचा. १७९१ सालीं विल्बरफोर्स ह्यांचा ठराव ८८ विरुद्ध १६३ मतांनीं नापास झाला. तेव्हां लोकांनीं ठरविलें कीं, सभागृह ऐकत नसेल तर आपल्या हातीं आहे तें आपण करावें. गुलामांच्या घामाची साखर घरांत आणूं नये. बायकांना त्या देशांत मत नव्हतें. पण साखरेचा डबा त्यांच्या ताब्यांत होता. तीन लाख माणसांनीं वेस्ट इंडीजची साखर सोडली असा क्लार्कसनचा अंदाज होता. पुढें १८२० नंतरच्या दशकांत तर, गुलामांनीं न बनविलेली म्हणून हिंदुस्थानची साखर वापरावी असा प्रचार झाला, व तशीं अक्षरें लिहिलेलीं साखरेचीं भांडीं घरोघर दिसूं लागलीं. ह्या चळवळींत आफ्रिकन माणसें केवळ दयेचा विषय होऊन राहिलीं नव्हतीं, हेंही सांगितलें पाहिजे. ओलाउदा इक्वियानो ह्यानें स्वतःचें दाम भरून स्वतःला सोडवून घेतलें, १७८९ सालीं आपलें आत्मचरित्र छापलें, आणि गांवोगांव फिरून तें विकलें. छत्रीखालच्या शिल्पांतील गुलाम हात जोडून बसला आहे. खरे गुलाम लेखणी घेऊन उभे राहिले होते, आणि सेंट डोमिंगो बेटांत तर १७९१ सालीं त्यांनीं बंडच उभारलें.

१७९४ पर्यंत क्लार्कसनची प्रकृति पार ढासळली. आवाज बसला, स्मरणशक्ति दगा देऊं लागली. त्यानें उत्तरेकडे सरोवराच्या कांठीं शेत घेतलें, लग्न केलें, आणि कांहीं वर्षें नांगर धरला. फ्रान्सशीं युद्ध चाललेलें. सुधारणेचें नांव काढणारा देशद्रोही ठरावा असे ते दिवस होते. परंतु १८०४ सालीं मंडळ पुन्हां उभें राहिलें तेव्हां तो पुन्हां घोड्यावर बसला. २५ मार्च १८०७ रोजीं ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा झाला. वेड्समिलच्या त्या दिवसाला बावीस वर्षें होत आलीं होतीं. आणि व्यापार बंद झाला तरी गुलामगिरी राहिलीच. ती रद्द करणारा कायदा १८३३ सालीं झाला. त्यांतही मालकांना दोन कोट पौंड भरपाई मिळाली, आणि ज्यांनीं जन्मभर राबून पाठ सोलून घेतली त्यांना छदामही नाहीं. उमेदवारीच्या नांवाखालीं त्यांना आणखी राबवून घेतलें तें १८३८ पर्यंत. १८४० सालीं लंडनला गुलामगिरीविरुद्ध जागतिक परिषद भरली, तिचें उद्घाटन ऐंशीं वर्षांच्या क्लार्कसननें केलें. २६ सप्टेंबर १८४६ रोजीं सफोकमधील प्लेफर्ड येथें तो वारला. जगानें ह्या कार्याचें श्रेय मुख्यतः विल्बरफोर्स ह्यांच्या पदरांत टाकलें. त्यांच्या मुलांनीं वडिलांच्या चरित्रांत क्लार्कसनचा वांटा कमी करून दाखविला, आणि तो सल म्हाताऱ्याला शेवटीं शेवटीं सोसावा लागला. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें त्याच्या नांवाची शिळा बसली ती १९९६ सालीं.

एवढें वाचून, इंग्रजांनीं केलें आणि इंग्रजांनींच सोडलें, आपला त्यांत काय संबंध, असें वाचकांपैकीं कोणी म्हणेल. पण १८३३ च्या त्या कायद्यांतून कंपनीच्या ताब्यांतील हिंदुस्थान मुद्दाम वगळला होता. येथें गुलामांवरील मालकीचा हक्क न्यायालयांनीं मानूं नये असा कायदा १८४३ सालीं झाला, आणि माणसाची गुलाम म्हणून खरेदीविक्री १८६० च्या दंडसंहितेनें गुन्हा ठरली. वगळला, कारण येथें गुलाम होते. पेशवे दप्तर उघडून पाहावें. कुणबिणी व बटकी ह्यांची खरेदीविक्री, त्यांच्या किमती, त्या पळून गेल्याच्या तक्रारी ह्यांचे उल्लेख त्यांत जागोजाग सांपडतात. त्या आपल्याच वाड्यांत दळीत होत्या, कांडीत होत्या. १८७३ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक लिहिलें, आणि तें अमेरिकेंत निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलें. त्या अर्पणांत जो बोट दाखवितो त्याचें बोट कोणाकडे आहे हें आपल्या घरांतून कळत नव्हतें असें नाहीं. कळत होतें, म्हणूनच पुस्तक बाजूस सारलें गेलें. आम्हींही तें चाळिशी उलटल्यावर वाचलें.

१८०८ सालीं क्लार्कसननें ह्या चळवळीचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यांत एक नकाशा आहे. पाहतांना तो नदीचा वाटतो. कोठून कोठून लहान ओहोळ निघतात, एकमेकांस मिळतात, पुढें मोठा प्रवाह होतो. जवळ जाऊन पाहिलें म्हणजे कळतें कीं, प्रत्येक ओहोळाला एका मनुष्याचें नांव दिलें आहे. ज्यानें ज्यानें ह्या पापाविरुद्ध पूर्वीं शब्द काढला त्याचा तो ओहोळ. थेंबे थेंबे तळें साचे असें आपण मुलांना शिकवितों, तें ह्या गृहस्थानें कागदावर काढून दाखविलें आहे. मात्र त्या नकाशांत निबंधाला ओहोळ नाहीं, माणसाला आहे.

संध्याकाळीं केंब्रिजला परत आलों. पुतण्या आपल्या प्रबंधास बसला. सौ.नीं चहा केला, आणि कप पुसतां पुसतां त्या सहज म्हणाल्या, “आपल्या स्वयंपाकघरांत खिडकींत तो निळ्या कांठाचा कप आहे ना?”

आम्हीं मान हलविली. कप आम्हांला ठाऊक होता. घरीं धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईंचा तो कप. गेलीं अकरा वर्षें त्या त्यांतून चहा घेतात, स्वतः विसळून खिडकींत पालथा ठेवतात. तो वेगळा ठेवा असें कोणी कधीं सांगितलें नाहीं, आणि वेगळा कां असें कोणी कधीं विचारलेंही नाहीं. त्याच घरांतून आम्हीं समतेवर तीन व्याख्यानें लिहून पाठविलीं आहेत.

प्रवास संपवून घरीं आलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाई आल्या. सौ.नीं आमच्याच कपांपैकीं एकांत चहा ओतून त्यांना दिला, आणि स्वयंपाकघरांतील खुर्ची पुढें सरकविली. बाईंनीं कपाकडे पाहिलें, खिडकीकडे पाहिलें, आणि त्या उभ्याच राहिल्या. “बसा हो,” सौ. म्हणाल्या. बऱ्याच वेळानें त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. चहा त्यांनीं अर्धाच घेतला. त्यांना अवघडल्यासारखें झालें, आम्हांलाही झालें. अकरा वर्षांची गोष्ट एका सकाळीं मोडत नाहीं. हल्लीं त्या बसतात, चहाही पुरा घेतात, आणि साखर कमी पडली तर सांगतात.

ही कांहीं सांगण्याजोगी मोठी गोष्ट केली असा आमचा समज नाहीं. पस्तीस हजार मैलांपुढें ही खुर्ची म्हणजे काय! परंतु निबंधांतील गोष्ट खरी असेल तर पुढें काय, हा वेड्समिलच्या टेकडीवरचा प्रश्न घरीं आणल्यावर तो कोठून सुरू करावयाचा, एवढें आम्हांला समजलें, तें येथें लिहून ठेविलें आहे. वाचकांपैकीं कोणी केंब्रिजला गेल्यास त्यांनीं अर्धा दिवस काढून त्या दगडापाशीं जाऊन यावें.